मॅन्डोलिनच्या आवाजाला साजेशा तारा

मॅन्डोलिनवर आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत लावलेल्या. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात मिळवतात. खर्जाकडून वर जाताना जी, डी, ए, ई हा क्रम व्हायोलिनचाच: जी सेकंदाला १९६ कंपनांवर, डी सुमारे २९४, ए ४४० आणि ई सुमारे ६५९. घोडीपासून दांडीच्या टोकाला असलेल्या हाडाच्या पट्टीपर्यंत, म्हणजे मेरूपर्यंत, तारेची कंप पावणारी लांबी ३३ ते ३५ सेंटिमीटर भरते. गिटारच्या मानाने ती निम्म्याहून थोडी जास्त. तार आखूड आणि नादपेटी लहान, त्यामुळे छेडलेल्या सुराची आस फार टिकत नाही. लांब सूर हवा असेल तर नखी भराभर खालीवर फिरवून तो धरून ठेवावा लागतो. नखी लागल्याच्या पहिल्या क्षणी तार काय बोलते, याला या वाद्यात म्हणूनच फार महत्त्व आहे. तारा बदलल्या की मॅन्डोलिनचा बाज बदलल्याचे नवख्या कानालाही कळते.

दुकानात जाऊन ‘चांगल्यातल्या तारा द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदार महागातल्या तारा देतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. पण एकच संच एका मॅन्डोलिनवर गोल आणि भरदार वाजतो, तर दुसऱ्यावर बोदा. प्रत्येक वाद्याचा मूळचा एक कल असतो. कोणते जात्याच कर्कश, कोणते दबके, कोणाचा खर्ज पोकळ. तारांचे काम त्या कलाला थोडे इकडे-तिकडे वळवण्याचे. प्लायवूडच्या तबलीचे, म्हणजे नादपेटीच्या वरच्या फळीचे, वाद्य तारा बदलून कोरीव तबलीचे होत नाही. पण कर्कश वाद्य कानाला सुसह्य होऊ शकते आणि दबके वाद्य मोकळे होऊ शकते. त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या: तारेची जाडी, तिचा धातू आणि तिच्यावरच्या वेटोळ्यांची ठेवण. पाकिटावर धातूचे नाव मोठ्या अक्षरांत आणि जाडीचे आकडे कोपऱ्यात बारीक छापलेले असतात. महत्त्वाचा क्रम नेमका याच्या उलट आहे.

जाडी, म्हणजे गेज, इंचाच्या हजाराव्या भागांत सांगण्याची पद्धत आहे. ‘अकराची तार’ म्हणजे ०.०११ इंच, साधारण ०.२८ मिलिमीटर जाडीची. संचाची ओळखही त्यातल्या सर्वांत बारीक तारेवरून होते. बाजारात सहज मिळणारा मध्यम संच ०.०११, ०.०१५, ०.०२६ आणि ०.०४० असा असतो आणि हलका संच ०.०१०, ०.०१४, ०.०२४, ०.०३८ असा. कंपनीगणिक शेवटच्या दोन आकड्यांत थोडा फरक पडतो. मध्यम आणि हलक्यातला हा एका हजारांशाचा फरक कागदावर नगण्य वाटतो. तो किती मोठा आहे हे समजायला ताणाचा हिशेब पाहावा लागतो.

ताणलेल्या तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि दर मीटरमागचे वजन या तीन गोष्टींवर ठरतो, हा नियम फ्रान्समधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरू-गणितज्ञाने १६३६ च्या सुमारास मांडला. लांबी आणि सूर कायम ठेवला तर ताण वजनाच्या प्रमाणात वाढतो. आणि वजन वाढते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. ३५ सेंटिमीटर लांबीच्या मॅन्डोलिनवर अकराची पोलादी तार ईच्या सुरात आणायला सुमारे साडेदहा किलोंचा ताण लागतो. तिथे दहाची तार लावली तर पावणेनऊ किलो पुरतात. जाडी नऊ टक्क्यांनी कमी झाली, ताण सतरा टक्क्यांनी उतरला. बोटाखाली हा फरक पहिल्याच स्पर्शात जाणवतो. मध्यम संचाच्या आठही तारांचा एकत्रित ताण पंच्याहत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो, म्हणजे एका मोठ्या माणसाच्या वजनाइतका.

बारीक तार लवकर तुटते असा एक सर्वदूर समज आहे. हिशेब वेगळे सांगतो. जाडी वाढली की तारेची ताकद वाढते, पण तोच सूर आणायला लागणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. तारेच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारा भार दोन्हीकडे सारखाच राहतो. ईच्या तारा तुटतात त्या त्यांचा सूर उंच असल्यामुळे: पोलादाला पेलवेल त्या मर्यादेच्या निम्म्याहून वर तो भार आधीच गेलेला असतो. त्यात मेरूची खाच धारदार असेल, तार खुंटीला वेडीवाकडी गुंडाळलेली असेल किंवा गंजाचा एखादा ठिपका पडला असेल, तर तेवढे निमित्त पुरते. एकाच जागी पुन्हापुन्हा तार तुटत असेल तर जाड तार आणण्याआधी ती जागा तपासणे शहाणपणाचे.

ताणाचा दुसरा परिणाम घोडीवर होतो. मॅन्डोलिनच्या तारा घोडीवरून थोड्या वळून खाली शेपटाच्या पत्र्याकडे जातात. हा वळणाचा कोन पंधरा अंशांच्या आसपास असला तर मध्यम संचाचा साधारण वीस किलोंचा दाब घोडी तबलीवर टाकते. याच दाबातून कंपने तबलीत उतरतात. दाब कमी पडला तर आवाज बारीक आणि उथळ निघतो. ताण वाढवला की आवाज भरत जातो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे तबली इतकी दाबली जाते की तिला हलायला वाव उरत नाही. मग सूर घट्ट, कोंडलेला येतो आणि वाजवणारा आणखी जोर लावतो. ‘जाड तार म्हणजे मोठा आवाज’ हे सूत्र इथे फसते. ही मर्यादा कुठे येते हे वाद्याच्या बांधणीवर ठरते, आणि मॅन्डोलिनच्या बांधणीत तीन घराणी आहेत.

पहिले घराणे नेपल्सचे. कलिंगडाच्या फोडीसारखी पाठ, बारीक पट्ट्या जोडून केलेली, आणि घोडीजवळ किंचित मोडलेली पातळ तबली. अठराव्या शतकात या वाद्यावर ईसाठी आतड्याची तात आणि खालच्या सुरांसाठी पितळी तारा लावत. आतड्याची तात ईच्या सुराला आपल्या ताकदीच्या अगदी टोकाला जाऊन पोहोचते, त्यामुळे लांबी आणखी वाढवण्याची सोयच नव्हती. एकोणिसाव्या शतकात, १८३५ च्या सुमारास, पास्क्वाले व्हिनाचिया याने पोलादी तारांना पेलवेल अशी बांधणी रूढ केली, असे मानले जाते. पुढे राफाएले कालाचे आणि त्याच्या घराण्याने ती आणखी पुढे नेली. तरीही ही वाद्ये अंगाने नाजूकच. आजच्या मध्यम संचाने जुन्या नेपोलिटन मॅन्डोलिनची तबली बसते, दांडी पुढे झुकते. आजोबांच्या काळातले वाद्य माळ्यावरून काढून त्यावर मिळेल तो संच चढवणाऱ्यांनी अशी बरीच वाद्ये निकामी केली आहेत. त्यांना नऊ किंवा दहापासून सुरू होणारा सर्वांत हलका संच, किंवा खास याच वाद्यासाठी केलेल्या युरोपीय तारा लावायच्या. त्यांचा आवाज मुळात चांदीसारखा चमकदार आणि पातळ असतो, आणि तोच त्यांचा गुण आहे. तो भरदार करण्याच्या नादी लागू नये.

दुसरे घराणे अमेरिकेतले. मिशिगन राज्यातल्या कालामाझूच्या ऑर्व्हिल गिब्सनने व्हायोलिनसारखी जाड फळीतून कोरलेली, मधे फुगीर तबली मॅन्डोलिनला दिली. त्याचे पेटंट १८९८ चे आहे. गिब्सन कंपनीत लॉइड लोअरच्या देखरेखीखाली १९२२ पासून निघालेल्या एफ-५ नमुन्यात गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी इंग्रजी एफच्या आकाराची दोन छिद्रे आली. बिल मन्रो याने १९२३ सालचा असा एक एफ-५ हाती धरून ब्लूग्रास संगीताचा बाज घडवला. ही तबली ताण सोसते, एवढेच नव्हे तर ताण मिळाल्याशिवाय ती बोलत नाही. तिच्यावर अकराचा मध्यम संच हा पाया धरून चालायचे. जोरकस, तुटक, तालाला धरून वाजवायचे असेल तर ई साडेअकराची आणि ए सोळाची चढवणारेही आहेत. त्यातही गोल भोकाच्या कोरीव मॅन्डोलिनचा आवाज गोडसर आणि खर्जाकडे झुकलेला असतो. एफ-छिद्रांचा आवाज कोरडा, समोर फेकला जाणारा. गोल भोकावर जाड जी-तार घातली तर खर्जात घुमारा नको इतका होतो.

तिसरे घराणे सपाट तबली आणि सपाट पाठीच्या वाद्यांचे. स्वस्त, विद्यार्थ्यांसाठीची बहुतेक वाद्ये याच घरातली, आणि त्यांच्या आत पट्ट्यांचा आधार कसा आहे हे बाहेरून दिसत नाही. दहाच्या संचाने सुरुवात करून तबली घोडीपाशी खचते का ते काही महिने पाहत राहणे, एवढाच सावध मार्ग. तबलीवर फूटपट्टी आडवी धरली की खोलगटपणा लगेच दिसतो.

आता धातू. पोलादाच्या एकाच तारेने चारही सूर निघतील का? निघतील, पण जीला योग्य ताण मिळायला जवळजवळ ०.९ मिलिमीटर जाडीची सळई लागेल. इतकी जाड तार आखूड लांबीवर दांडक्यासारखी ताठ होते. तिचे वरचे स्वरांश मूळ सुराच्या नेमक्या पटीत न राहता चढत जातात आणि सूर बेसूर, काठीवर काठी आपटल्यासारखा येतो. यावर उपाय म्हणजे मधे बारीक पोलादी गाभा ठेवून त्याच्यावर दुसऱ्या धातूची तार गुंडाळायची. ताण गाभा घेतो, वजन वेटोळी देतात आणि तार लवचीक राहते. जी आणि डी या जोड्या अशा वेटोळ्यांच्या असतात. ए आणि ई बहुतेक संचांत साध्या पोलादी, गंज लागू नये म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पैसा सर्वांत जास्त तिथे वाया जातो. पाकिटावर फॉस्फर ब्राँझ, ब्राँझ, निकेल, मोनेल काहीही लिहिलेले असो, ते वर्णन वेटोळ्यांचे आहे. म्हणजे फक्त खालच्या चार तारांचे. वरच्या चार तारा या पाकिटात आणि त्या पाकिटात सारख्याच पोलादाच्या. ‘माझ्या मॅन्डोलिनची ई कानाला टोचते’ अशी तक्रार असणारा वादक ब्राँझ सोडून फॉस्फर ब्राँझ घेतो, मग निकेल घेतो, आणि ई तशीच टोचत राहते. वरच्या दोन जोड्यांचा बाज बदलायचा तर जाडी बदलावी लागते, नखी बदलावी लागते किंवा घोडीकडे पाहावे लागते. धातूची निवड डी आणि जीसाठी, आणि या दोघी वरच्या दोघींशी कशा मिळतात यासाठी.

त्या दोन जोड्यांपुरता मात्र धातूचा फरक खरा आहे. ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त या मिश्रधातूला तारांच्या बाजारात ब्राँझ म्हणतात. धातुशास्त्राच्या हिशेबाने ते पितळ आहे. त्याचा आवाज खणखणीत, धारेचा; दबक्या, गडद वाद्याला तो जाग आणतो, पण ही धार थोड्या आठवड्यांत उतरते. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील आणि चिमूटभर फॉस्फरस असतो. १९७४ मध्ये डॅडारिओ कंपनीने या तारा गिटारसाठी आणल्या आणि आता मॅन्डोलिनच्या दुकानातही त्यांचेच राज्य आहे. त्यांचा स्वर जरा उबदार, मधला भाग भरलेला, आणि तो टिकतोही जास्त. मोनेल हा निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू, त्यात निकेलचा वाटा दोन तृतीयांशाच्या आसपास. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोनेलच्या तारा सर्रास चालत, आता पुन्हा दिसू लागल्या आहेत. त्यांचा आवाज कोरडा, संयत, लाकडाला पुढे येऊ देणारा; नव्या तारांची झगमग त्यांत जवळजवळ नसतेच, त्यामुळे पहिल्या दिवशी निराशा होण्याचा संभव असतो. शुद्ध निकेलही त्याच बाजूचा. युरोपातले शास्त्रीय वादक चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची वेटोळी पसंत करतात, त्यांचा स्वर मऊ.

वेटोळ्यांची ठेवण ही तिसरी बाब. नेहमीची वेटोळी गोल तारेची असतात, त्यामुळे पृष्ठभाग खरबरीत होतो. नख लावून ओढले तर चर्र आवाज येतो, आणि बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकताना तोच आवाज वाजवण्यात मिसळतो. चपट्या पट्टीची वेटोळी असलेली तार गुळगुळीत असते: सरकण्याचा आवाज नाही, वरचे स्वरांश कमी, सूर गोल आणि थोडा मागे राहिलेला. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड कंपनीचे असे संच शास्त्रीय आणि जॅझ वादकांत नावाजलेले आहेत. किंमत साध्या संचाच्या कितीतरी पट, पण ते महिनोन् महिने एकाच स्वरात राहतात. दोन्हींच्या मधला प्रकारही आहे: गोल वेटोळी घालून नंतर त्यांचा माथा घासून सपाट केलेला. चपट्या वेटोळ्यांच्या काही संचांत एची तारही वेटोळ्यांची असते. साध्या पोलादी एमधून वेटोळ्यांच्या डीवर उतरताना आवाजाचा जो खड्डा जाणवतो, तो अशा संचात बराच भरून निघतो. पण मॅन्डोलिनच्या घोडीवरच्या पायऱ्या साध्या एसाठी कोरलेल्या असतात. वेटोळ्यांची ए लावली की ती वरच्या पडद्यांवर बेसूर होते, म्हणजे या तारांबरोबर घोडीचा माथाही नवा करून घ्यावा लागतो.

वाद्याचा कल ओळखायला फार साधन लागत नाही. चारही जोड्या एकेक करून मोकळ्या, एकाच जोराने छेडाव्यात. मग तोच सूर दोन जोड्यांवर वाजवावा, उदाहरणार्थ मोकळी ए आणि डीच्या सातव्या पडद्यावरची ए. मोकळी ए तीक्ष्ण आणि डीवरची दबलेली असा मोठा फरक दिसला, तर वेटोळ्यांच्या तारा मेलेल्या आहेत किंवा त्यांचा धातू वाद्याला फार गडद पडतो आहे, ब्राँझ आजमावण्यासारखे. सगळेच वाद्य टणटणीत, पत्र्यासारखे वाजत असेल तर फॉस्फर ब्राँझ, निकेल किंवा चपटी वेटोळी खालच्या बाजूला, आणि ईला अर्ध्या-एका गेजने जाड तार. जाड ई थोडी जास्त भरीव, कमी टोचरी बोलते, हे नेहमीच्या अपेक्षेच्या उलट आहे. नुसती जी पोकळ असेल तर एक-दोन हजारांशांनी जाड जी घालून पाहता येते. पण लहान नादपेटीच्या वाद्यात जीचा मूळ स्वर मुळातच दुर्बळ असतो, आपल्याला तो वरच्या स्वरांशांवरूनच उमगतो. तेव्हा तिथे जाडीपेक्षा ताजी तार जास्त कामी येते. तारा पडद्यांवर खरखरत असतील तर कधी कधी कारण फार हलका संच हेच असते: सैल तार जास्त रुंद झुलते.

आणि हे सगळे करण्याआधी नखी बदलून पाहावी. पातळ, टोकदार नखी सोडून दीड मिलिमीटरची, गोल टोकाची नखी धरली की अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात, आणि खर्च एका तारेपेक्षाही कमी.

बदल एका वेळी एकच करावा. जाडी आणि धातू दोन्ही एकदम बदलले तर कशाने काय झाले ते कळत नाही. तारा उतरवतानाही एकेक जोडीच उतरवायची. मॅन्डोलिनची घोडी तबलीला चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबानेच जागेवर उभी असते. आठही तारा एकदम सोडल्या की ती सरकते, पडते आणि सुरांचा सगळा हिशेब नव्याने बसवावा लागतो. खुंट्या फिरवताना घोडीचा माथा मेरूकडे ओढला जातो, म्हणून दोन-तीन जोड्या झाल्या की ती कलली नाही ना ते बघून हाताने सरळ करावी. शेपटाच्या पत्र्यावर आकडे असतात आणि मॅन्डोलिनच्या तारांच्या टोकाला त्यांच्यात अडकवायचा फासा असतो. गिटारसारखी गोळीची तार हाती आली तर पक्कडीने गोळी फोडून काढली की आतला फासाच उरतो.

नव्या गेजची तार लावली की मेरूची खाच पाहायची. अकरासाठी केलेल्या खाचेत साडेअकराची तार अडकते: खुंटी फिरते, सूर जागेवर राहतो, मग एकदम टुक् करून वर उडी मारतो. खाचेत पेन्सिलचे शिसे घासले तर बरेचदा भागते, नाही तर खाच मोठी करून घ्यावी. मग सूर तपासायचा. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट अलगद टेकवून छेडले तर मोकळ्या तारेचा वरच्या सप्तकातला स्वच्छ सूर मिळतो. त्याच पडद्यावर तार दाबून वाजवली तर तो आणि हा सारखाच यायला हवा. दाबलेला सूर चढा आला तर घोडी शेपटाकडे, उतरा आला तर दांडीकडे, तीही अगदी केसभर. जाड तारा चढवल्यानंतर घोडी बहुधा शेपटाकडेच न्यावी लागते.

तारा जुन्या झाल्या की त्यांच्या धातूचा आणि गेजचा काही अर्थ उरत नाही. जीच्या तारेखालून अंगठ्याचे नख पडद्यांच्या बाजूला फिरवले तर पडद्यांच्या जागी वेटोळ्यांना पडलेले खळगे एकामागून एक लागतात. तिथे तारेचे वजन सगळीकडे सारखे राहिलेले नसते, आणि अशी तार मोकळी सुरात असली तरी वर बेसूर होते. जोडतारांच्या वाद्यात हे दुप्पट खटकते: जोडीतल्या दोन तारा वेगवेगळ्या प्रमाणात झिजल्या की त्या एकमेकींशी कधीच पूर्ण मिळत नाहीत आणि सूर लाटांसारखा हेलकावतो. म्हणून एक तार तुटली तरी जोडीतली दुसरीही बदलणे बरे. मुंबईत, कोकणात, गोव्यात तारा जुन्या होण्याचा हा प्रश्न वर्षभराचा असतो आणि पावसाळ्यात तो फारच लवकर येतो. दमट हवा आणि बोटांचा घाम यांनी साध्या पोलादी ईवर तपकिरी ठिपके दिसू लागतात आणि बोट सरकवले की करकर येते. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसण्याने आयुष्य ठळकपणे वाढते. प्लॅस्टिकसारख्या अतिपातळ थराचे आवरण असलेल्या तारा, एलिक्सर ही त्यांतली ठाऊक असलेली छाप, किनाऱ्यावरच्या हवेत परवडतात. कोऱ्या तारेची धार त्यांत थोडी कमी असते. कर्कश वाद्याला ती उणीवच सोयीची पडते.

भारतीय संगीतात या सगळ्या हिशेबाला एक वळण मिळते. मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांत मॅन्डोलिन हे वर्षानुवर्षे हक्काचे वाद्य होते. संगीतकार सज्जाद हुसेन ते वाजवत आणि त्यावर रागही मांडत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मॅन्डोलिनवादक म्हणूनच या क्षेत्रात आले. गाण्याच्या धुनेला, झाल्यासारख्या भरभर वाजणाऱ्या जागांना जोडतारा उत्तम. अडचण येते ती मींडेची. तार पडद्यावर दाबून बाजूला ओढली की ताण वाढतो आणि सूर चढतो. एकाच लांबीच्या, एकाच अंतराने ओढलेल्या दोन साध्या पोलादी तारांत सूर किती चढेल हे जाडीवर अवलंबून नसते. तार मुळात किती भाराखाली आहे यावर असते. म्हणून ए तेवढ्याच ओढीत ईच्या दुपटीहून जास्त चढते. जाडीचा संबंध येतो तो बोटाला लागणाऱ्या जोराशी. मींड हवी असेल तर दोन वाटा आहेत: सूर खाली आणायचा किंवा तार बारीक घ्यायची. दोन्ही एकदम केल्या तर मात्र ताण कोसळतो. सगळे वाद्य एका पूर्ण स्वराने उतरवले तर ताण वीस टक्क्यांनी घटतो. नेहमीच्या सुरात दहाची तार जेवढा ताण घेते, जवळजवळ तेवढाच उतरवलेल्या सुरात अकराची घेते. षड्ज खाली धरणाऱ्या वादकाने हलका संच न घेता नेहमीचाच ठेवावा, हलकेपणा सूर उतरल्याने आपोआप येतो.

जोडतारांत आणखी एक पेच आहे. दोन तारा एकदम ओढताना दोन्ही सारख्याच ओढल्या जातील याची खात्री नसते. एक किंचित पुढे राहिली की मींडेभर सूर फुटतो. आंध्र प्रदेशातल्या पालकोल्लूच्या यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी लहान वयातच कर्नाटक संगीतासाठी हा पेच मुळापासून सोडवला. त्यांनी विद्युत मॅन्डोलिन घेतला, जोड्या काढून टाकल्या आणि त्यावर पाच एकेरी तारा लावल्या. गमकांना मोकळी वाट मिळाली आणि कमी झालेला आवाज ध्वनिवर्धकाने भरून काढला. विद्युत मॅन्डोलिनवर तारांचा धातूही वेगळा निवडावा लागतो. त्याचे पिकअप चुंबकाचे असते आणि त्याला लोखंड, पोलाद, निकेल यांची हालचाल कळते. तांब्याच्या मिश्रधातूची वेटोळी त्याला जवळजवळ दिसत नाहीत, फक्त आतला गाभा दिसतो. ब्राँझच्या डी आणि जी साध्या ए-ईपुढे क्षीण वाटतात ते यामुळेच. तिथे निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची किंवा शुद्ध निकेलची वेटोळी हवीत. पाच एकेरी तारांचे तयार संच दुकानात सहसा नसतात. त्यासाठी विद्युत गिटारच्या सुट्या तारा गेज पाहून घ्याव्या लागतात आणि त्यांची गोळी वाद्याच्या शेपटात बसते का, ते आधी पाहून ठेवावे लागते.